केळीचा गड्डा वाचवा, पानांचा नाद सोडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशातल्या मराठी परसबागांवर आलेला लेख वाचला. गणपतीला दारची केळीची पाने इंग्लंडमध्येही मिळू शकतात, असे त्यात म्हटले आहे आणि ते अगदी खरे आहे. पण हिवाळ्यासाठी दिलेला सल्ला मात्र इथे चालणारा नाही. खोडाला प्लास्टिक गुंडाळा, कडाक्याच्या रात्री पाणी द्या आणि पुढच्या वर्षी घडाची वाट पाहा, असे लेखात सांगितले आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींनी झाड मरते आणि तिसरी घडतच नाही. इंग्लंडच्या मध्यभागात, जड चिकणमातीत आणि पावसाळी थंडीत, केळी जोपासणारी आम्ही काही मंडळी आहोत. ऑक्टोबर तोंडावर आला आहे, म्हणून हे थोडे सविस्तर लिहितो.

आधी कोणती केळी याचा निकाल लावला पाहिजे, कारण अर्धी झाडे इथेच दगावतात. थंडीत जमिनीत टिकते ती मुसा बासजू. मूळ दक्षिण चीनमधली, जपानात पिढ्यान्‌पिढ्या लावलेली. नर्सरीत 'हार्डी बनाना' अशी पाटी लावून कधी कधी बुटकी कॅव्हेंडिशही विकली जाते, आणि ती म्हणजे आपल्या बसराईची बहीण. ओळखायला सोपे आहे. कॅव्हेंडिशच्या कोवळ्या पानांवर तांबडे-जांभळे डाग असतात, देठ आखूड आणि पाने दाटीने येतात. बासजूचे पान स्वच्छ हिरवे, लांबट आणि बरेच पातळ असते. कॅव्हेंडिश, ग्रँड नैन किंवा आपली वेलची यांना १२-१३ अंशांखालीच त्रास सुरू होतो. त्यांना कितीही गोधड्या पांघरा, इंग्लंडमधल्या उघड्या जमिनीत त्या हिवाळा काढणार नाहीत. सिक्कीम-दार्जिलिंगकडची मुसा सिक्किमेन्सिस बासजूपेक्षा थोडी नाजूक, पण आडोशाला जगते. चीनच्या युनान प्रांतातली, पिवळ्या कमळाची (केळफुलाची) बुटकी मुसेला काटक आहे. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या निळ्या-जांभळ्या केळ्यांच्या बियांवर पैसे घालवू नयेत, त्यांतून काय उगवेल ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आता कारण. केळीचे खोड हे खोड नाहीच. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकमेकांत बसलेली ती पानांची बुडे आहेत आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. खरे खोड म्हणजे जमिनीतला गड्डा. वाढीचा कोंब फुलण्याची वेळ येईपर्यंत गड्ड्याच्या डोक्यावर, जमिनीच्या पातळीशीच बसलेला असतो. पाने शून्याच्या खाली गेल्या गेल्या काळी पडतात. उघडे खोड साधारण उणे तीन-चारच्या पुढे गोठू लागते. गड्ड्याभोवतीची माती मात्र इतकी थंड होत नाही. इंग्लंडमध्ये जानेवारीतही फूटभर खोलीवर मातीचे तापमान बहुधा चार-पाच अंश असते. म्हणजे ऊब खालून येते आहे, आपण ती फक्त वर निसटू द्यायची नाही. खोडाभोवतीच्या उंच पिंजऱ्याचे फोटो सगळे काढतात, पण गड्डा वाचवायला बुडाशी पसरलेले जाड आच्छादन त्याच्यापेक्षा जास्त उपयोगी पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रात्री पाणी देण्याचा सल्ला कुठून आला ते कळते. रावेर, यावल, चोपडा भागात पारा दहाच्या खाली उतरला की शेतकरी रात्री बागेला पाणी देतात, बांधावर पहाटे धूर करतात, कडेने शेवरी लावतात. तिथे ते बरोबरच आहे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी थंड हवेपेक्षा बरेच कोमट असते, ओली जमीन दिवसाचे ऊन साठवते आणि दुसऱ्या दिवशी सूर्य पुन्हा तापतो. इथे डिसेंबरात ऊन मिळते दिवसाकाठी तास-दीड तास, तेही मिळालेच तर. नळाचे पाणी बर्फगार असते आणि माती आधीच पावसाने तुडुंब असते. अशा मातीत मुळांना हवा मिळत नाही, गड्ड्याच्या सालीखाली कूज शिरते आणि मार्चमध्ये झाड हाताने हलवले की उपटून येते. नोव्हेंबर ते मार्च जमिनीतल्या केळीला एक तांब्याही पाणी घालू नये.

हिवाळ्याची तयारी खरे तर लागवडीपासूनच सुरू होते. चिकणमाती असेल तर १५-२० सेंटीमीटर उंचीचा वरंबा करून त्यावर लावावी. खड्ड्यात नुसती वाळू भरली तर भोवतालचे पाणी त्यातच येऊन साचते. रोप कुंडीत होते त्यापेक्षा पाच-सात सेंटीमीटर खोल बसवावे, म्हणजे गड्ड्याच्या डोक्यावर मातीचे पांघरूण राहते. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत मिळाली तर उत्तम. वाऱ्यापासून आडोसा हवा, नाहीतर सप्टेंबरपर्यंत पानांच्या चिंध्या होतात. बुंधा आठ-दहा सेंटीमीटर जाड झालेला नसेल तर त्या रोपाचा पहिला हिवाळा घरातच काढावा. टिश्यू कल्चरचे बोटभर रोप जूनमध्ये जमिनीत लावून नोव्हेंबरात गुंडाळले तर त्याच्याकडे साठाच नसतो.

ऑगस्टच्या अखेरीस नत्राचे खत बंद करावे. उशिरा आलेली लुसलुशीत वाढ आधी सडते. पालाश हवा असेल तर टोमॅटोसाठी मिळणारे द्रवखत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पंधरवड्याने एकदा चालते. गणपतीत पाने कापायला हरकत नाही, बासजूची पाने तेव्हाच सर्वांत चांगली असतात. नैवेद्याला, पंगतीला बिनधास्त वापरा. फक्त पातळ असल्याने गरम वरणाखाली फाटतात, तेव्हा दोन पाने एकावर एक घ्यावीत. मात्र प्रत्येक खोडावर किमान पाच पाने ठेवावीत. गड्ड्यातला साठा ऑगस्ट ते ऑक्टोबर याच पानांतून भरला जातो. सत्यनारायणाच्या चौरंगाला खांब हवे असतील तर गड्ड्याच्या कडेने फुटलेली पिल्ले, म्हणजे मुनवे, काढावेत, मधले जुने खोड तोडू नये.

पहिल्या जोरदार दहिवरात, म्हणजे गोठलेल्या दवात, पाने काळी पडून लोंबू लागली की काम सुरू करायचे. बहुतेक वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात ही वेळ येते. त्याआधी हिरवे झाड गुंडाळण्यात अर्थ नाही, आणि एका पानकाळ्या दहिवराने गड्ड्याला काही होत नाही. दोन-तीन कोरडे दिवस बघावेत. पाने देठाशी कापून टाकावीत. मधला पोंगा, म्हणजे न उघडलेल्या पानाची सुरळी, तेवढा ठेवला तरी चालतो. खोड किती ठेवायचे हे हेतूवर ठरते. पुढच्या वर्षी उंच झाड हवे असेल तर सव्वा ते दीड मीटर ठेवावे. फक्त पाने हवी असतील तर गुडघ्याएवढे ठेवून बाकी कापून टाकावे, श्रम निम्मे होतात. कापलेला वरचा भाग थोडा तिरका असावा, म्हणजे पाणी ओघळून जाते.

मग चार भक्कम बांबू किंवा लाकडी खुंट जमिनीत ठोकून त्याभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावावी. खोडाच्या सर्व बाजूंनी २०-२५ सेंटीमीटर मोकळी जागा राहील इतका घेर हवा. एका खोडाला साधारण ६० सेंटीमीटर व्यास पुरतो, तीन खोडांच्या बेटाला ९० लागतो. आत गव्हाचे किंवा सातूचे कोरडे काड भरायचे. एका खोडाला एक लहान गासडी, तीनांच्या बेटाला दोन. काड मोकळे करून भरावे, हाताने हलके दाबावे, पायाने तुडवू नये. उष्णता काडामुळे टिकत नाही, काडात अडकलेल्या हवेमुळे टिकते. ठेचून भरले की हवा गेली आणि काम संपले. जाळीच्या बाहेरून फ्लीस गुंडाळावे, आपल्याकडे कलिंगडाच्या कोवळ्या रोपांवर घालतात त्या क्रॉप कव्हरच्या जातीचे. चौरस मीटरला १७ ग्रॅमचे पातळ कापड वाऱ्यात फाटते, ३० ग्रॅमचे घ्यावे. त्यातून वाफ बाहेर जाते, हे महत्त्वाचे.

प्लास्टिकला जागा एकच, ती वरती. जुन्या ताडपत्रीचा तुकडा, उलटी प्लास्टिकची पाटी, कौलारू पत्रा, जे असेल ते झाकण म्हणून ठेवावे, कडा जाळीच्या बाहेर हातभर येऊ द्याव्यात आणि वर दगड किंवा दोरी बांधावी. वादळात झाकण उडाले आणि आठवडाभर लक्ष गेले नाही, तर सगळी मेहनत वाया जाते. ओले काड गार हवा थेट खोडापर्यंत पोचवते आणि वर बुरशीही पोसते. बाजूंना प्लास्टिक लावले तर आतल्या वाफेचे थेंब खोडावरून खाली ओघळतात, रात्री गोठतात, दिवसा वितळतात. पारदर्शक प्लास्टिक आणखी वाईट, कारण फेब्रुवारीच्या उन्हात आत ऊब येते, झाड जागे होते आणि त्याच रात्री गोठते. नळाच्या पाइपवर चढवतात तो फोम खोडाला घट्ट लावणारेही आहेत. तोही असाच घाम धरतो.

शेवटी बुडाशी २५-३० सेंटीमीटर जाडीचे आच्छादन. झाडाची साल, अर्धवट कुजलेला पालापाचोळा किंवा कंपोस्ट यांपैकी काहीही चालते. ते खोडापासून सर्व बाजूंनी ७०-८० सेंटीमीटर पसरावे. खोडाभोवती नुसता ढीग घालून थांबू नये, थंडी मातीत आडवी शिरते. पिंजऱ्यात मात्र नुसता पाला भरू नका. दोन पावसांत त्याची ओली पोळी होते. गवताचा पेंढाही काडाऐवजी नको. त्यात बी असते, तो लवकर तापून कुजतो आणि उंदरांना तर पर्वणीच. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी तळ काढलेला, झाकणाचा कंपोस्टचा जुना डबा गुडघाभर खोडावर उपडा बसवून आत काड भरावे. दिसायला बेंगरूळ, पण काम चोख होते. काही जण पिंजऱ्यात नाताळच्या दिव्यांची माळ सोडतात. जुन्या तारेच्या बल्बांना थोडी तरी उष्णता होती, एलईडीत ती जवळजवळ नसतेच, आणि कोरड्या काडात वीज सोडणे हा विचारच नको.

इतर ठिकाणच्या वाचकांसाठी. न्यू जर्सीत पारा उणे पंधराच्या आसपास जाणे नवे नाही, पण हवा इथल्यापेक्षा कोरडी आणि उन्हाळा कडक. तिथे उंच खोड वाचवण्याच्या मागे न लागता ते फूटभर ठेवून कापावे आणि त्यावर अर्धा मीटर जाड आच्छादन घालावे. जून-जुलैच्या उष्म्यात गड्ड्यातून आलेला मुनवा एका हंगामात डोक्याच्या वर जातो. इंग्लंडच्या मिळमिळीत उन्हाळ्यात एवढी वाढ होत नाही, म्हणून इथे खोड वाचवण्याला किंमत आहे. टोरंटोसारख्या ठिकाणी जमिनीत ठेवण्याचा हट्ट धरू नये, गड्डा काढून आत घ्यावा. व्हँकुव्हरला इंग्लंडचीच रीत लागू पडते.

गड्डा आत घेण्याची पद्धत अशी. पाने कापावीत, मुळांभोवती ३०-४० सेंटीमीटर व्यासाचा मातीचा गोळा ठेवून झाड उपटावे. मग ते दोन-तीन दिवस शेडमध्ये उलटे टेकवून ठेवावे. पानांच्या बुडांत साठलेले पाणी निथळून जाते, आणि ही पायरी गाळली की हमखास मधूनच सडते. नंतर मुळांना जुने गोणपाट गुंडाळून झाड गॅरेजमध्ये उभे करावे. तापमान ४ ते १० अंश, उजेड नसला तरी चालतो, पाणी महिन्यातून अर्धा पेला, तोही मातीचा गोळा अगदी खडखडीत झाला तर. कुंडीतल्या बासजूलाही हेच लागू. घरातल्या उबदार, उजेडाच्या खोलीत ठेवली तर ती झोपत नाही, थोडे पाणी मागत राहते आणि कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी ही कीड हमखास येते. पानांच्या पाठी आठवड्याला ओल्या फडक्याने पुसाव्यात.

केळीच्याच नात्यातली, तांबड्या पानांची एन्सेट 'मॉरेली' इथल्या बागांत फार दिसते. तिला मुनवे येत नाहीत, म्हणजे गेली की गेलीच. ती जमिनीत कधीच ठेवू नये. वरच्यासारखीच उपटून, मधला पोंगा राखून, ७ ते १० अंशांत कोरडी ठेवावी. सह्याद्रीच्या कड्याकपारींत वाढणारी आपली चवेणी, काही भागांत जिला कवदर म्हणतात, ती याच कुळातली. पावसाळा सरला की तिची पाने वाळून जातात, जाड बुंधा कोरड्या कड्यावर उन्हाळा काढतो आणि पहिल्या पावसात फुटतो. एन्सेट कोरडी ठेवायची म्हणजे काय, हे ज्यांनी चवेणी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. चवेणीला दहिवर मात्र सोसत नाही.

जानेवारीच्या मध्यावर, कोरड्या दिवशी, पिंजऱ्याचे झाकण काढून एकदा आत हात घालावा. काड कोरडे लागले पाहिजे. आंबूस वास आला तर खोडाचा शेंडा दाबून पाहावा. मऊ लागला तर धारदार सुरीने पाच-पाच सेंटीमीटरचे काप घेत खाली यावे, आतले पापुद्रे घट्ट आणि पांढरे दिसेपर्यंत. तपकिरी ठिपकाही मागे ठेवू नये, कूज खाली सरकत जाते. कापल्यावर तिथले ओले काड बदलावे. मार्चमध्ये कापलेल्या ताज्या पृष्ठभागाकडे दोन-चार दिवस लक्ष ठेवले तर जिवंतपणाची खूण मिळते. कोंब शाबूत असेल तर मधले वर्तुळ भोवतालच्या पापुद्र्यांपेक्षा वर सरकलेले दिसते. सरकले नाही म्हणून लगेच उपटून टाकू नये. मधला कोंब मेला तरी गड्ड्याच्या कडेचे डोळे जूनपर्यंत फुटू शकतात.

सर्वाधिक घाई होते ती उघडताना. मार्चमध्ये चार दिवस ऊन पडले की लोक काड काढून टाकतात. इंग्लंडच्या आतल्या भागात मेच्या मध्यापर्यंत दहिवर पडते, आणि जर्मनीतले माळी तर ११ ते १५ मेच्या थंडीला 'बर्फाचे संत' म्हणून तिच्या आधी नाजूक रोपे बाहेर काढत नाहीत. एप्रिलच्या मध्यावर आधी झाकण आणि वरचे एक तृतीयांश काड काढावे, ढगाळ दिवस पाहून. काळोखात आलेला पोंगा पिवळट असतो, एकदम उन्हात आला तर भाजतो. दर आठवड्याला आणखी एक तृतीयांश. फ्लीस हाताशी ठेवावे आणि रात्री दोन-तीन अंशांचा अंदाज असेल तर शेंड्यावर टाकावे. काड काढले की खाली गोगलगायी जमलेल्या असतात आणि कोवळा पोंगा त्यांना फार आवडतो. संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचाव्यात. जुने काड कंपोस्टात घालावे, पुढच्या वर्षीसाठी साठवू नये. बुडाचे आच्छादन तसेच राहू द्यावे. पहिले नवे पान पूर्ण उघडल्यावरच खत आणि भरपूर पाणी सुरू करायचे.

राहता राहिला घड. बासजूचे खोड दोन-तीन हिवाळे सलग शाबूत राहिले तर कमळ येते, आणि ते पाहण्यासारखे असते. पण तिची केळी बोटभर, हिरवी आणि काळ्या बियांनी गच्च भरलेली. खाण्याजोगी नाहीत. जळगावात निसवणीनंतर, म्हणजे कमळ बाहेर पडल्यावर, घड तयार व्हायला तीन ते चार महिने कडक ऊन लागते. इथे जुलैत निसवलेल्या झाडाला तेवढे ऊन मिळण्याआधी ऑक्टोबर येतो. घड येऊन गेलेले खोड मरतेच, ते हिवाळ्याने मेले असे समजून शोक करू नये. मुनवे पुढे चालवतात.

एक कळकळीची सूचना. गावाकडून येताना बॅगेत मुनवा किंवा कंद आणू नका. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून प्रवाशाच्या सामानातल्या लावण्याच्या रोपालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना सूट आहे, म्हणजे केळे चालते, केळीचा कंद नाही. ब्रिटनमध्येही कंद-रोपांना प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही. नियम बाजूला ठेवले तरी पर्णगुच्छ (बंची टॉप) हा रोग किंवा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचा हरण्या रोग निरोगी दिसणाऱ्या मुनव्यातूनही जातो. सीएमव्हीमुळे जळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना उभी रोपे उपटून फेकावी लागली आहेत. हा विषाणू काकडी, टोमॅटोलाही लागतो, तेव्हा शेजाऱ्याच्या काचघराचाही विचार करावा. शिवाय आणलेली ग्रँड नैन किंवा वेलची इथल्या पहिल्याच हिवाळ्यात जाते. बासजूचे रोप इथल्या नर्सरीत सहज मिळते.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापायला जागा कमी असेल तर बाकीचे राहू द्या, प्लास्टिक आणि रात्रीचे पाणी या दोन वाक्यांची दुरुस्ती मात्र ऑक्टोबर संपण्यापूर्वी यावी, ही विनंती.

आपले,
इंग्लंडमधील काही मराठी बागकरी